पाचवा ढीग

शिंक आली, पण वास आला नाही.

रिक्षा बाजाराच्या रस्त्यावरून वळून मिरची वाळवायच्या पथाऱ्यांच्या अंगाला लागली होती. फाल्गुन सरत आलेला, हंगामाची शेवटची मिरची वाळत घातलेली. एकरच्या एकर मोकळं मैदान लालभडक, आणि त्या लालीत वाकलेल्या बाया, डोक्याला ओढण्या गुंडाळून मिरच्या उलथत होत्या. वाऱ्याची एक झुळूक आली न आली तोच रिक्षावाला शिंकला, मग शेजारी बसलेली सून रोहिणी ओढणीत तोंड खुपसून शिंकली, आणि मग छबूबाईंना एकामागून एक तीन शिंका आल्या. पापण्यांचे केस गळाल्यापासून डोळ्यांना आडोसाच राहिलेला नव्हता, ते घळाघळा वाहू लागले. "मावशी, शिंका खुशाल," रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "आठे शिंकानं भाडं लागत नही." रोहिणी हसली. छबूबाईही हसल्या, आणि शिंकेनंतर आयुष्यभर घेतला तसा एक खोल श्वास त्यांनी मास्क खाली ओढून घेतला. त्या श्वासावर त्या सांगत असत, ही मिरची दोन उन्हं खाल्लेली आहे, ही कालच तोडलेली आहे, त्या कोपऱ्यातला ढीग आतून ओला राहिलाय आणि उद्या त्याला बुरशी धरणार. आज त्या श्वासात काहीच नव्हतं. अंधारात हात कोनाड्याकडे जावा, वर्षानुवर्षांची काडीपेटी जिथं असते तिथं बोटं चाचपडावीत आणि गार भिंत लागावी, तसं झालं. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. नाकाच्या आत जाळ झाला, घशात जाळ झाला. वास तेवढा कुठेच नव्हता.

"आत्याबाई, मास्क वर करी ल्या," रोहिणी म्हणाली. छबूबाईंनी मास्क वर केला आणि बाहेर बघत राहिल्या. रक्त काढलेल्या जागी कापसाचा बोळा चिकटवलेला होता. सुईवाल्या मुलाला शीर सापडत नव्हती. उजव्या हाताच्या शिरा लाल औषधानं आतून जळून दोरीसारख्या टणक झाल्या होत्या, आणि डाव्या हाताला सुई लावायची नाही असं ऑपरेशन झाल्यापासून सांगितलेलं. गुरुवारी सुरतेला जायचं होतं. केमोच्या आठ सुयांमधल्या सहा झाल्या होत्या, चार लाल औषधाच्या, दोन पांढऱ्या. सोमवारी रक्त तपासायला द्यायचं, पेशी पुरेशा असल्या तर गुरुवारी सातवी. मागच्या दोन्ही वेळा छबूबाईंनी मनातल्या मनात देवाजवळ एकच मागणं मागितलं होतं, पेशी कमी भरू दे. एक आठवडा मिळेल. आज मात्र तेही मागितलं नाही. पथारी मागे पडली, पुलावरून रिक्षा घसरत खाली आली, आणि त्यांच्या मनानं कोणालाही न विचारता ठरवून टाकलं की सातवी सुई घ्यायची नाही.

ठरवल्यावर बरं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. वाटलं नाही. अंगात तेच जडपण होतं, हाडांमधून कोणी ओल्या सुतळ्या ओढतंय असं; बोटांच्या टोकांना तेच मेलेपण, जणू दहाही बोटांवर कोणी मेणाची टोपणं घातलीत. जिभेवर तांब्याची चव. ती पहिल्या लाल सुईच्या तिसऱ्या दिवशी आली आणि मग गेलीच नाही. पाणी प्यावं तर जुनं नाणं चोखल्यासारखं. डॉक्टरांनी ते लाल औषध बाटलीतून नळीत सोडलं तेव्हा त्यांना हसूच आलं होतं, त्या नवऱ्याला, चुडामणना म्हणाल्या होत्या, "भाग्येशना बाबा, आपलीच मिरची पानीमा कालवी दिन्ही दखा ह्यासनी." संध्याकाळी लघवीही लाल झाली आणि हसणं थांबलं. पंधराव्या दिवशी फणीला केस आले, सोळाव्याला उशीला, सतराव्याला हाताच्या मुठीला. गल्लीत केस घेऊन भांडी देणारी बाई ओरडत आली, आणि छबूबाई पिशवीभर केस मांडीवर घेऊन दाराआड बसून राहिल्या, ती आवाज देत देत पुढल्या गल्लीत जाईपर्यंत.

वास मात्र तेव्हा होता. उलट फार होता. दुधाला उकळी फुटायच्या आत त्या वासानं पोट उलटायचं, रोहिणीच्या साबणाचा वास भिंत ओलांडून यायचा, आणि सुरतेच्या दवाखान्याच्या पायऱ्या दिसल्या की सुई लागायच्या आधीच ओकारी. मग संक्रांतीनंतर तो विरळ होत गेला. सर्दी असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. खरं तर सोडलं नव्हतं, झाकून ठेवलं होतं. कारण छबूबाईंचं नाक म्हणजे साधं नाक नव्हतं. गल्लीत कोणाच्याही घरी वर्षाचा मसाला भाजायचा असला की पाटावर, पुढे पुढे खुर्चीवर, छबूबाई. धणे, खोबरं, दगडफूल, तीळ, एकेक कढईत पडायचं, बाया उलथण्यानं हलवत राहायच्या, आणि छबूबाई डोळे मिटून बसायच्या. कोणत्या क्षणी कच्चेपण सरतं आणि कोणत्या क्षणी करपणं सुरू होतं यांच्यामध्ये पापणी लवायची फट असते. त्या फटीत त्या म्हणायच्या, "उतार!" कढई उतरायची. एका शब्दावर एका घराची वर्षभराची भाजी ठरायची. तीस वर्षं. हे नाक कुठून आलं कोणास ठाऊक. माहेर सारंगखेड्याचं, तापीच्या काठावर. यात्रेत वडील खांद्यावर घेऊन घोड्यांच्या ओळींमधून फिरवायचे आणि ती चार वर्षांची पोर डोळे मिटून सांगायची, हा घोडा आजारी आहे. आता रिक्षात छबूबाईंनी ते घोडे आठवले. पांढरा आला, तेलिया रंगाचा आला, वडिलांचा फेटा आला, नदीवरचं धुकं आलं. घामाचा, भिजवलेल्या हरभऱ्याचा, लिदीचा वास आठवायला गेल्या आणि तिथं पुन्हा तीच गार भिंत. म्हणजे नुसता इथला गेला नव्हता. मागचाही गेला होता. भाग्येश झाला तेव्हा त्याच्या टाळूला यायचा तो, सासूच्या लुगड्याचा, चुडामण बसच्या नोकरीवरून यायचे तेव्हा त्यांच्या खाकी सदऱ्याला यायचा तो डिझेलचा आणि नाण्यांचा. सगळी चित्रं जागच्या जागी होती, धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांसारखी, कोणाचंच अंग नसलेली.

घरी आल्या तर ओट्यावर रुक्मिणीबाई बसलेल्या. भिंतीला भिंत लागून घर, लग्न होऊन दोघी एकाच वर्षी या गल्लीत आलेल्या. "उनी का माय," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "कवधरनी बठेल शे मी. उद्या मन्हा मसाला शे वं. तू फक्त खुर्चीवर बठ. हात लावू नको, काही करू नको. आनि ते बी जमत नसीन ते नुसतं तुन्हं नाक धाडी दे, मी परत आनी देसू!"

"काकू, धूरमा बठू नका असं डॉक्टर सांगेल शे," रोहिणी म्हणाली.

हीच वेळ होती. सांगायला पाच शब्द पुरे होते. छबूबाईंनी तोंड उघडलं, गालाच्या आतल्या फोडांना दात घासला आणि डोळ्यांत पाणी आलं. रुक्मिणीबाईंच्या चेहऱ्यावर बघता बघता ती नजर येऊ लागली, गेले सहा महिने सगळ्या गल्लीच्या चेहऱ्यांवर येते ती, जिच्यात माणूस तिरडीवर ठेवून झालेलं असतं. "येसू मी," छबूबाई म्हणाल्या. "एवढी काय मरी गयी मी?"

संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. पेशी चांगल्या भरल्या होत्या. भाग्येशनं कामावरून फोन करून सांगितलं, आणि नात रुपा "आजीच्या पेशी पास झाल्या" म्हणून घरभर नाचली.

मंगळवारी रुक्मिणीबाईंच्या अंगणात तीन विटांची चूल, तिच्यावर लोखंडी कढई, भोवती पाच-सहा बाया पदर नाकाला लावून. छबूबाईंची खुर्ची वाऱ्याच्या वरच्या बाजूला, जांभळीच्या सावलीत. त्यांच्यापाशी एक युक्ती होती. नाक नसलं तरी ओवी होती. त्यांची आई जात्यावर, चुलीपाशी, निवडताना, कुठेही एकच ओवी गायची, आणि छबूबाईंना पक्कं माहीत होतं की धणे पडल्यापासून ती ओवी सावकाश तीनदा म्हटली की धणे उतरायला येतात. नाक काम करत असतानासुद्धा ओठ आतल्या आत ती म्हणत असायचे. धणे पडले. तडतड सुरू झाली. छबूबाईंनी डोळे मिटले. डोळे मिटलेले बघून बाया गप्प झाल्या, हे त्यांना ऐकू आलं.

धना मन्हा भाऊ, खोबरं मन्ही भावजाई,
मिरची सासरवाशीन, जळे तरी बोले नाई...

आणि तिसरी ओळ. तिसरी ओळ आली नाही. हे नवीन नव्हतं. सुया सुरू झाल्यापासून शब्द असे निसटायचे, चमच्याला काय म्हणतात ते आठवेना, समोरच्या भाचीचं नाव आठवेना. पण ही ओळ? ही तर हाडात होती. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, धावत येऊन उडी मारावी तशी. धना मन्हा भाऊ. खोबरं मन्ही भावजाई. मिरची सासरवाशीन, जळे तरी बोले नाई. आणि पुढे पांढरं. आईचा आवाज ऐकू येत होता, जात्याचा खुंटा धरलेला तिचा हात दिसत होता, हातावरचं गोंदण दिसत होतं. ओठ तिसऱ्या ओळीवर हलत होते आणि त्यांतून आवाज निघत नव्हता. आई, जरा मोठ्यानं म्हण. काय म्हणतेस? सासरवाशीण बोलत नाही, मग काय करते? कोण विचारतं तिला, भाऊ विचारतो का? छबूबाई त्या हलणाऱ्या ओठांच्या अगदी जवळ गेल्या, लहानपणी जायच्या तशा, आईच्या मांडीवर हनुवटी टेकवून, आणि तिथं थांबून राहिल्या. कढईतली तडतड कधीच थांबली होती. उलथणं हलवणाऱ्या बाईचा हात मंद होऊन पुन्हा सुरू झाला. एक बाई खाकरली. "छबूबाई बोलनी नही आजून," कोणीतरी कुजबुजलं. "ऱ्हाऊ दे वं. तिन्हं नाक आपलापेक्षा दोन पाऊल पुढेच ऱ्हास." सगळ्यांना वास येत होता. अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकीला, भिंतीपलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या रोहिणीला, रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला येत होता. आणि एकीनंही कढईला हात लावला नाही, कारण तीस वर्षांत छबूबाईंच्या तोंडून 'उतार' ऐकल्याशिवाय या गल्लीत कढई उतरली नव्हती.

खोकल्यानं त्या भानावर आल्या. धूर घशात गेला होता. डोळे उघडले, ते पाण्यानं भरलेले. पाण्यातून त्यांना कढई दिसली, आणि कढईत कोळशाच्या चुऱ्यासारखं काहीतरी. भोवती सगळ्या बाया त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. अजूनही वाट बघत.

"उतार," छबूबाई म्हणाल्या. आवाज फुटलाच नाही नीट.

कढई उतरली. मग रुक्मिणीबाई पुढे झाल्या, चिमूटभर काळे धणे तळहातावर घेऊन चोळले, हुंगले, आणि हसून म्हणाल्या, "काळा मसाला काळाच ऱ्हाई ना बाई, गोरा थोडी ऱ्हाई?" बायाही हसल्या. एकीनं पाणी आणून दिलं, एकीनं खुर्ची आणखी सावलीत सरकवली. छबूबाई रुक्मिणीबाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या. याच बाईनं बारा वर्षांपूर्वी, पापडाच्या पिठात पापडखार जास्त झाला म्हणून भर अंगणात "तुन्हा हातले लकवा मारो" असं ओरडून दोन महिने अबोला धरला होता. दोन महिने भिंतीपलीकडून भांडी आपटण्याचा आवाज यायचा आणि छबूबाई अलीकडून आपटायच्या. ते भांडण आज छबूबाईंना हवं होतं. रुक्मे, ओरड ना. 'माझ्या वर्षाची माती केलीस' म्हण, माझ्या नाकाला आग लाव. पण रुक्मिणीबाई हळुवार हातानं त्यांच्या डोक्याचा स्कार्फ सारखा करत होत्या, आणि त्या हातात एवढी माया होती की छबूबाईंना कळलं, आपल्याशी आता कोणी भांडणार नाही. मेलेल्या माणसाशी कोण भांडतं.

घरात येऊन त्या पलंगावर पडल्या, भिंतीकडे तोंड करून. पंखा फिरत होता. तळपायांना मुंग्या होत्या, चादर लागतेय की नाही ते कळत नव्हतं. रोहिणी येऊन पायाशी बसली. लोणखेड्याच्या कॉलेजात शिकलेली पोर, लग्न होऊन आली तेव्हा मिरचीला लांबूनच नमस्कार करायची.

"माले म्हाईत व्हतं," रोहिणी म्हणाली.

छबूबाई वळल्या नाहीत.

"धुळवडीले खीर करी व्हती ना मी. साखरना ठिकाने मीठ पडनं मन्हा हातथीन. रुपानी थुकी दिन्ही. तुम्ही पुरी वाटी खाधी, वर 'गोड शे' सांगं."

"मंग बोलनी कसाले नही तू?"

"तुम्ही बोलनात का?" रोहिणी म्हणाली. "माले वाटनं, तुम्हले म्हाईत नसीन ते ऱ्हाऊ द्यावं. एवढं तरी ऱ्हाऊ द्यावं."

मग छबूबाईंनी भिंतीलाच सांगितलं, "उद्या आपला मसाला शे. यंदा चारच ढीग घाल." या घराची रीत रोहिणीला ठाऊक होती. सासूच्या सासूपासून चालत आलेली. मिरची भाजायला घेण्याआधी परातीत माणशी एक ढीग घालायचा, नाव घेऊन, मग सगळे ढीग एकत्र करायचे. सून आली की ढीग वाढायचा, पोर झालं की छोटासा आणखी एक. सासूबाई गेल्या त्या वर्षी छबूबाईंनी सवयीनं त्यांच्याही नावाचा ढीग घातला होता. मग आठवलं, आणि दोन्ही ओंजळींनी तो उचलून पुन्हा पोत्यात टाकला, आणि दिवसभर ते हात लाकडाचे झाले होते. म्हणून त्यांनी आधीच सांगितलं. मागून कोणाला उचलायला लागू नये. "गुरुवारले मी जात नही," त्या म्हणाल्या. "सरनं आते." रोहिणी उठून गेली. तिच्या पावलांचा आवाज स्वयंपाकघरात जाऊन थांबला.

दिवस मावळायच्या आत चुडामण आले. सुनेनं दारातच सांगितलं असावं, कारण ते चप्पल काढून तसेच खुर्ची ओढून पलंगाशी बसले. तीस वर्षं बसचे वाहक. अजूनही बसले की एक खांदा दांड्याला टेकल्यासारखा तिरका. खिशातून त्यांनी रेल्वेचं तिकीट काढलं, उलगडलं, पुन्हा घडी केली. "सुरतपावतनं तिकीट काढेल शे," ते म्हणाले. "तीस वरीसमा, तिकीट काढीसन मधमाच उतरनारा गंज लोके देखात मी. पन ते भांडीसन उतरेत. मन्हासंगे भांडेत, डायवरसंगे भांडेत. तू ते भांडी बी नही ऱ्हायनी."

"कोनसंगे भांडू?" छबूबाई म्हणाल्या. "सांगा ना. कोनसंगे?"

त्यांना खरंच हवं होतं उत्तर. चुडामणनी तिकिटाची घडी आणखी बारीक केली. ते जवळ वाकले, त्यांचा सदरा छबूबाईंच्या तोंडापाशी आला, आणि छबूबाईंनी नकळत श्वास ओढला. पस्तीस वर्षं हा माणूस अंधारातसुद्धा त्यांना वासानं कळायचा. घरात शिरला की न बघता कळायचं, आज वरच्या रस्त्यानं आला, आज कोणाशी तरी वाजलं, आज चहा प्यायला नाही. आता समोर एक पांढरा सदरा होता आणि त्यात कोणीतरी होतं. त्यांना भीती वाटली. रडू आलं असतं तर बरं, पण ही नुसती भीती होती, यात्रेत खांद्यावरून उतरवलेल्या पोरीला वर बघितल्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी फेटा दिसावा तशी. सुया थांबवल्या तर नाक परत येईल का, असं त्यांनी मागे डॉक्टरांना विचारलं होतं, दुसऱ्या कोणासाठी विचारतेय असा आव आणून. सगळं संपल्यावर काही महिन्यांनी येतं बहुतेकांचं, ते म्हणाले होते. सगळं संपल्यावर. बहुतेकांचं. म्हणजे आज थांबवलं तर लवकर. एकदा, मरायच्या आधी एकदा तरी या सदऱ्याचा वास यावा, एवढाच हिशेब होता त्यांच्या ठरवण्यात, आणि तो कोणाला सांगता येण्यासारखा नव्हता.

बुधवारी दुपारच्या आत, रुपा शाळेत असताना, रोहिणीनं मागच्या अंगणात परात मांडली. छबूबाई भिंतीला धरून धरून बाहेर आल्या. चूल पेटलेली होती, देठं खुडलेली मिरची पोत्यातून काढलेली होती, आणि परातीत ढीग होते. एक, दोन, तीन, चार. आणि पाचवा. छोटा चौथा रुपाचा, आणि त्याला लागून पाचवा, सगळ्यांत मोठा.

"चार सांगं व्हतं मी तुले."

"हां," रोहिणी म्हणाली. ती चुलीत लाकूड सारत होती. तिनं वर बघितलं नाही. "काढी टाका ना मंग. मन्हा हातले नाव घीसन घातेल ढीग उचलता येत नही. तुम्ही उचला. तुम्हले येस ते."

हे असं बोलणं या पोरीच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. छबूबाई परातीशी बसल्या. गुडघे वाजले. लाल, वाळलेली, चुरचुरीत मिरची, देठ नसलेली, उन्हात चकाकणारी. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि पाचव्या ढिगाखाली सारली. हातांना काही लागलं नाही. मिरची आहे की हवा आहे, किती आहे, काहीच नाही. डोळ्यांना दिसत होतं म्हणून कळत होतं की बोटं ढिगात आहेत. त्यांनी ओंजळ वर घेतली. उचलली असं वाटलं तेवढ्यात बोटांच्या फटींतून मिरच्या सुटल्या, आवाज न करता, आणि त्यांना त्या सुटल्याचंही कळलं नाही. वर आलेल्या ओंजळीत चार-दोन राहिल्या होत्या. पुन्हा. या वेळी त्यांनी घट्ट दाबलं, फार घट्ट, मिरच्या मोडल्या, बिया उडाल्या, काळ्या पडलेल्या नखांखाली जाळ शिरला; तो बरा लागला. पण ढीग कलंडला. कलंडून तो रुपाच्या ढिगावर सांडला, आणि छबूबाई दोन्ही पंजांनी आपल्या मिरच्या मागे ओढू लागल्या. ओढल्या तेवढ्या आणखी मिसळल्या. हिची कुठली, तिची कुठली. सगळ्या एकाच पोत्यातल्या, एकाच रंगाच्या. त्या तरीही ओढत राहिल्या, पाखडल्यासारख्या, तोंडानं काहीतरी पुटपुटत, डोक्याचा स्कार्फ घसरून मानेवर आला, उघडं डोकं उन्हात, नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि रोहिणी चुलीपाशी उकिडवी बसून बघत होती. उठली नाही. तिचे ओठ दाताखाली होते.

"आते सांगा," रोहिणी म्हणाली, "कोनती कोनी शे."

छबूबाईंचे हात थांबले. परातीत आता तीन ढीग होते, आणि एक वेडावाकडा, पसरलेला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

मग रोहिणी उठली, स्कार्फ उचलून त्यांच्या डोक्यावर बांधला, आणि धणे कढईत टाकले. छबूबाई भिंतीला टेकून बसल्या. धणे तडतडले. रोहिणीनं उलथणं हलवत मागे बघितलं, पुन्हा बघितलं, तिच्या कपाळावर घाम होता. "आत्याबाई, उतारू?"

"माले इचारू नको. तुन्हं नाक काय सांगस?"

"माले काय समजस!"

"मालेबी समजत नव्हतं. सासूनी दोन वरीस जाळेल मसाला खाधा मन्हा हातना."

रोहिणीनं आणखी चार वेळा उलथणं फिरवलं आणि घाबरून कढई उतरवली. लवकर उतरवली, रंगावरूनच दिसत होतं. खोबरंही कच्चटच राहिलं. शेवटी तेलात मिरची पडली, ठसका उठला, भिंतीपलीकडून रुक्मिणीबाई शिंकल्या आणि ओरडल्या, "मारी टाका वं आम्हले!" संध्याकाळी डंकावरून कुटून आलेला मसाला डब्यात भरायच्या आधी चुडामणनी चिमूटभर जिभेवर ठेवला, आणि "चांगला शे" असं खोटं बोलले. छबूबाईंनीही हात पुढे केला. नको, तोंडात फोड आहेत, रोहिणी म्हणेपर्यंत त्यांनी बोट जिभेला लावलं होतं. चव नव्हती. वास नव्हता. जाळ होता, फोडाफोडांतून कानापर्यंत जाणारा. डोळे मिटून त्यांनी तो तोंडात धरून ठेवला, थुंकल्या नाहीत. पाच माणसांचा, वर्षाचा मसाला. पुढच्या फाल्गुनापर्यंत पुरणारा. न खाता टाकायचा म्हटला तर कोणाच्या वाट्याचा टाकायचा, तेही आता कोणाला सांगता आलं नसतं.

गुरुवारी उजाडताना पिशवी दारात होती. पिशवीत फाईल, पाण्याची बाटली, ओकारीसाठी प्लास्टिकची पिशवी. चुडामणनी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या उठून साडी नेसल्या एवढंच. पिना रोहिणीनं लावल्या, बोटांना लागत नव्हत्या. चुडामण पिशवी घेऊन ओट्यावर उतरले, रिक्षा कोपऱ्यावर उभी होती, आणि उंबऱ्यात पाय टाकणार तोच पथाऱ्यांकडचा वारा सुटला आणि छबूबाईंना शिंक आली.

मोठी, स्पष्ट शिंक, उंबऱ्यावर. चुडामण जागच्या जागी थांबले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, सावकाश, आणि वळले. "शिंक झायी," ते म्हणाले. "बठ घटकाभर." सारंगखेड्यालाही असंच होतं, निघताना शिंक झाली की बसायचं, पाणी प्यायचं, कधीकधी जाणंच राहायचं. सहाही सुयांच्या सकाळी छबूबाईंनी याच उंबऱ्यात उभं राहून या शिंकेची वाट बघितली होती, आणि एकदाही कोणी शिंकलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. वास नव्हता, पण तोंड दिसत होतं. त्या तोंडावर थकवा होता, आणि थकव्याच्या खाली, झाकायचं राहून गेलेलं, तेच होतं जे त्यांच्या पोटात होतं. आज नको. बसू दे. चुडामणही या शिंकेची वाट बघत आले होते.

आत स्वयंपाकघराच्या फळीवर मसाल्याचा डबा होता, झाकण नीट न बसलेला.

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, माहेरी निघताना त्या उंबऱ्यात शिंकल्या आणि घाबरून खाली बसल्या, तेव्हा सासूनं दंड धरून उठवलं होतं आणि जे सांगितलं होतं ते छबूबाईंना शब्दाला शब्द आठवलं. ओवीची ओळ गेली होती, हे राहिलं होतं.

"ही मिरचीनी शिंक शे," त्या म्हणाल्या. "ती धरतस नही."

आणि त्या खाली उतरू लागल्या. पायाला पायरी लागत नव्हती. त्यांनी मान खाली घातली, डोळ्यांनी पायरी बघितली, पाऊल तिच्यावर गेलं का तेही डोळ्यांनीच बघितलं, आणि मग दुसरं उचललं.